‘आय ॲम लुकिंग अ बुक’ : चिनी ‘खान’ आणि आपलं बघणं-दिसणं

सिंगापूरला राहणाऱ्या एका वाचक ताईंनी प्रश्न पाठवलाय. त्यांच्या शेजारी चीनमधून आलेल्या एक बाई राहतात. मुलाला तिथल्या शाळेत घातलंय, त्याच्या सोबतीला त्या आल्या आणि आता स्वतःही इंग्रजी शिकताहेत. ताई त्यांना संध्याकाळी तासभर मदत करतात. बाई कष्टाळू, शब्द ढिगाने पाठ. तरी पुस्तक वाचत असल्या की म्हणतात, ‘आय ॲम लुकिंग अ बुक.’ दिवा लावायचा तर ‘ओपन द लाइट.’ पावसात निघाल्या तर ‘ऑलदो इट इज रेनिंग, बट आय गो.’ आणि परिच्छेद वाचायला दिला की सुट्या शब्दांचे अर्थ बिनचूक सांगतात, पण वाक्य लागत नाही. ताई विचारतात: वाचण्याला बघणं का म्हणतात, आणि शब्द येत असून वाक्य का अडतं?

पुण्यात काही वर्षं मी चिनी शिकले, त्यामुळे या वाटेवर उलट्या दिशेने चालून झालंय. चिनी उच्चार देवनागरीत अदमासेच लिहिते. त्यांचे चढउताराचे सूर इथे दाखवता येणार नाहीत.

‘खान’ म्हणजे बघणे आणि ‘शू’ म्हणजे पुस्तक. ‘खान शू’ म्हणजे मनातल्या मनात पुस्तक वाचणे. वर्तमानपत्र वाचायचं तरी खान, टीव्ही बघायचा तरी खान, डॉक्टरकडे जायचं किंवा आजारी मैत्रिणीला भेटून यायचं तरीही खान. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागतं: रीड, वॉच, सी, व्हिजिट. ‘खान’चं चिनी अक्षर मला फार आवडतं. वर हात, खाली डोळा. श्यू शन या कोशकाराने इ. स. १००च्या सुमारास त्याची फोड अशीच दिली आहे. उन्हात डोळ्यांवर हात धरून लांबवर बघणारं माणूस अक्षरात उभं असतं.

मग ‘वाचणे’ला चिनीत शब्दच नाही का? आहे, ‘तू’. पण त्याचा ओढा मोठ्याने वाचण्याकडे आणि शिकण्याकडे. ‘तू शू’ म्हणजे शब्दशः पुस्तक वाचणे, व्यवहारात मात्र शाळा-कॉलेजात शिकणे. तुमच्या शेजारीण बाईंसारख्या आयांना तिकडे ‘पेइतू मामा’ म्हणतात. पेइ म्हणजे सोबत करणे, तू म्हणजे शिकणे, आणि मामा म्हणजे आई. मूल शिकतंय म्हणून सोबत राहणारी आई. तेव्हा बाईंच्या मनात ‘वाचणे’ हा एक शब्द नाहीच. शांतपणे वाचणं डोळ्यांच्या खात्यात जातं, शिकणं आणि मोठ्याने वाचणं वेगळ्या खात्यात. आपलं ‘वाचणे’ आलंय ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूकडून, म्हणजे आपला शब्द तोंडाच्या घरचा; त्यांचा ‘खान’ डोळ्यांच्या घरचा. ‘लुकिंग अ बुक’ अडाणीपणातून येत नाही, हे एकदा लक्षात आलं की दुरुस्त करतानाचा आपला आवाजही बदलतो.

जाता जाता एक योगायोग सांगते. शब्द पाठ करणे याला चिनीत ‘पेइ तानत्स्’ म्हणतात. तानत्स् म्हणजे सुटे शब्द, आणि हा ‘पेइ’ वरच्या सोबतीच्या पेइहून वेगळा. याचा मूळ अर्थ पाठ, म्हणजे शरीराचा मागचा भाग! जुन्या शाळेत विद्यार्थी गुरुजींकडे पाठ करून उभा राहायचा आणि धडा घडाघडा म्हणायचा. आपल्याकडे शरीराची ‘पाठ’ आली ‘पृष्ठ’वरून आणि धड्याचा ‘पाठ’ आला ‘पठ्’वरून. मुळं वेगळी, तरी मराठीत दोन्ही एकाच रूपात येऊन भेटले, आणि तिकडे एकाच शब्दाने दोन्ही कामं केली. हे बाईंना जरूर सांगा. आपलं काहीतरी समोरच्याच्या भाषेत सापडलं की शिकणाऱ्याचा चेहरा उजळतो.

पण याच पाठ करण्यात अडचणीचं मूळही आहे. चीनमध्ये इंग्रजी शब्दांच्या याद्या वर्णानुक्रमाने पाठ करायची मोठी परंपरा आहे. या याद्यांच्या सुरुवातीलाच ‘अबँडन’ हा शब्द भेटतो. नव्या उमेदीने दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात केल्यामुळे असंख्य मुलांना तो इतका पक्का झालाय की सगळ्या पिढीची ती सामायिक आठवण आहे. शब्दासमोर एक चिनी अर्थ, की झालं. ‘लुक’ म्हणजे खान, ‘सी’ म्हणजेही खान, ‘वॉच’ म्हणजेही खान. तीन शब्द आले, पण त्यांच्यातला फरक यादीत कुठेच लिहिलेला नव्हता.

आता इथे इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवा आणि मराठी बाहेर काढा. ‘मी बघितलं, पण मला दिसलं नाही.’ हे वाक्य आपल्याला जन्मजात कळतं. बघणं माझ्या हातात आहे, दिसणं नाही. चिनीतही नेमकं हेच आहे: नुसतं ‘खान’ म्हणजे बघणे, आणि त्याला शेपूट जोडून ‘खानच्येन’ म्हणजे दिसणे. ‘थिंग’ म्हणजे ऐकणे, ‘थिंगच्येन’ म्हणजे ऐकू येणे. ‘चाव’ म्हणजे शोधणे, ‘चावताव’ म्हणजे सापडणे. आपण पुष्कळदा शब्दच बदलतो, ते त्याच क्रियापदाला परिणामाची शेपटी लावतात. विचार एकच. इंग्रजीत तीच जोडी लुक आणि सी, लिसन आणि हिअर, लुक फॉर आणि फाइंड. ‘आय ॲम फाइंडिंग माय पेन’ हे वाक्य आपल्याकडच्या शाळांतही ऐकू येतंच. शोधणे-सापडणे ही जोडी मनात असूनही मुलांना ती इंग्रजीत कुणी जोडून दाखवलेली नसते.

बाईंना तीन ओळी लिहून द्या. एकीकडे खान, समोर लुक. एकीकडे खानच्येन, समोर सी. तसंच पुढच्या दोन जोड्यांचं. नंतर त्यांची किल्ली लपवा आणि ‘लुक फॉर’ पासून ‘फाइंड’ पर्यंतचा प्रवास त्यांच्याकडून करून घ्या. किल्ली हाताला लागेपर्यंत ‘फाइंड’ म्हणायचं नाही, एवढीच अट. आणि ‘रीड’ मात्र वेगळा काढा: छापलेल्या मजकुरासमोर ‘लुक’ येत नाही, चित्रांसमोर येतो.

‘ओपन द लाइट’चं तर आपण आधी आपल्याच ओट्याकडे बघू. चिनीत ‘खाय’ म्हणजे उघडणे. दार खाय, दिवा खाय, गाडी चालवणं खाय, सभा भरवणं खाय, फूल उमलतं तेही खाय आणि पाणी उकळलं तरी खाय. आपण म्हणू, केवढं हे एका शब्दावर ओझं! मग ‘लावणे’ बघा. दिवा लाव, टीव्ही लाव, कुकर लाव, झाड लाव, टिकली लाव, गाडी सावलीत लाव, पैज लाव, सवय लाव. आणि गंमत म्हणजे ‘दिवा लाव’मध्ये लावणं म्हणजे चालू करणं, तर ‘दार लाव’मध्ये लावणं म्हणजे बंद करणं. परक्या माणसाने मराठी शिकताना इथे डोक्याला हात लावावा (हेही लावणंच). म्हणून दिव्याला ‘टर्न ऑन’ आणि दाराला ‘ओपन’ हे तर्काने समजावायच्या फंदात पडू नका. आपल्याकडेही ‘पंखा बंद कर’चं ‘क्लोज द फॅन’ करणारे पुष्कळ आहेत. बटण असेल तिथे टर्न ऑन, टर्न ऑफ. पान, झाकण, दार, खिडकी असेल तिथे ओपन आणि क्लोज. एवढ्याने घर चालतं.

शब्दांच्या सोयरिकीचंही तसंच. मोठ्या पावसाला चिनीत ‘ता यू’, म्हणजे मोठा पाऊस, म्हणून बाई ‘बिग रेन’ म्हणणार. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’. आपला कडक चहा चिनीत दाट आणि इंग्रजीत स्ट्राँग. यात का असं विचारण्यात अर्थ नाही, ही लग्नं ठरलेली आहेत. इथे यादी निरुपयोगी, वाक्य देणारा कोश हवा. परक्या विद्यार्थ्याला शब्द कसा वापरायचा ते दाखवणारा, इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारा असा एक मोठा कोश १९४२ साली टोकियोत निघाला. ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जपानी विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता केला होता, आणि १९४८मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. त्या घराण्यातला कुठलाही आजचा कोश घ्या, आणि बाईंना अर्थाच्या आधी उदाहरणाचं वाक्य वहीत उतरवायला सांगा.

‘ऑलदो… बट’ लगेच उरकते. चिनीत ‘स्वेइरान’ आलं की पुढे ‘तानश’ येतंच. आपल्याकडे ‘जरी’ आलं की ‘तरी’ येतं, ‘जर’ला ‘तर’, ‘जेव्हा’ला ‘तेव्हा’. जोडीने चालणाऱ्या भाषा आहेत दोन्ही. इंग्रजीला यातला एकच पुरतो. बाईंना म्हणा, ‘ऑलदो’ ठेवायचं असेल तर ‘बट’ पुसा, ‘बट’ ठेवायचं असेल तर ‘ऑलदो’ पुसा. पण ही जोडी मुळातच चूक आहे असं कृपा करून म्हणू नका. १६११च्या इंग्रजी बायबलात ‘दो’ला ‘यट’ची जोड भेटते, आणि ‘ऑलदो’नंतर ‘स्टिल’ किंवा ‘यट’ आजही चालतं. ‘बट’ तेवढं चालत नाही.

‘ही’ आणि ‘शी’ची गल्लतही होत असेल. बोलण्यात तो आणि ती दोन्ही ‘था’च. ‘ती’साठी लिहिण्यात वेगळं अक्षर ल्यू पानन्नोंग या कवीने १९२०च्या सुमारास रूढ केलं, पण कानाला आजही फरक नाही. ते सरावानेच जाईल, फार टोकू नका.

आता खरी अडचण, वाचनाची. ताई, हे वाक्य बाईंपुढे ठेवून बघा: ‘द वुमन हू लिव्ज नेक्स्ट टू द शॉप दॅट सेल्स अम्ब्रेलाज कॉल्ड मी.’ एकही शब्द अवघड नाही. तरी ‘अम्ब्रेलाज कॉल्ड मी’ पाशी त्या थांबतील: छत्र्यांनी फोन केला? मराठीत आपण म्हणतो, ‘छत्र्या विकणाऱ्या दुकानाशेजारी राहणाऱ्या बाईंनी मला फोन केला.’ सगळं वर्णन आधी, बाई शेवटी, आणि तिच्यालगत फोन. चिनीतही असंच आहे. ‘त्स्वोथ्येन माय त शू’, म्हणजे ‘काल विकत घेतलेलं पुस्तक’; मधला तो छोटा ‘त’ आपल्या ‘-लेलं’, ‘-णारी’चं काम करतो. दोन्ही भाषांत वाचणाऱ्याला सवय असते की नाम आलं म्हणजे वर्णन संपलं. इंग्रजीत नाम आलं की वर्णन सुरू होतं! बाई तिथे पोचल्या की, आपल्या भाषेच्या सवयीने, वाक्यातल्या ‘वुमन’ला सोडून पुढे निघतात आणि जवळचं नाम, म्हणजे छत्र्या, हातात धरतात.

यावर मला उपयोगी पडलेली युक्ती अगदी साधी आहे. पेन्सिलीने ‘हू’च्या आधी कंस उघडायचा आणि वर्णन संपेल तिथे बंद करायचा. ‘द वुमन’, कंस, ‘कॉल्ड मी’. आधी कंसाबाहेरचं मोठ्याने वाचायचं. मग कंसातलं. मग कंसातला मजकूर उचलून, ‘त’ लावून, चिनी पद्धतीने ‘वुमन’च्या आधी ठेवायचा. चिनी वाचताना मी हेच उलटं करत असे आणि ‘-णाऱ्या’ लावलं की वाक्य आपोआप मराठी होऊन समोर यायचं. इंग्रजी मध्ये आणलं की गुंतायचं.

दुसरी गोष्ट जागांची. चिनीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, जशी आपल्या मोडीतही सोडत नसत. वाचणाऱ्याने अक्षरं स्वतः जुळवायची. ‘तुंगशी’ हा शब्द पूर्व आणि पश्चिम या दोन अक्षरांचा, पण अर्थ ‘वस्तू’. कुठलीही चिनी व्यक्ती तिथे दिशा बघत नाही. इंग्रजीत मात्र जागा दिसल्या की त्याच बाई प्रत्येक तुकडा वेगळा शब्द समजून कोशात शोधतात. ‘पुट अप विथ’ मध्ये ठेवणे, वर आणि सोबत सापडतं, सहन करणे कुठेच सापडत नाही. त्यांना सांगा, ‘पुट अप विथ’ हे तुंगशी आहे. ‘लुक आफ्टर’ हे तुंगशी आहे. मला वाटतं हा एक शब्द तुम्हाला महिनाभराच्या समजावण्यापेक्षा जास्त साथ देईल. परिच्छेद वाचताना कोश उघडायच्या आधी त्यांनी अशी तुंगशी शोधून खाली रेघ मारायची, एवढंच पहिल्या वाचनाचं काम.

शेवटी तुमच्याच शब्दाकडे येते. तुम्ही प्रश्नात लिहिलंत ‘वाक्य लागत नाही’. जुनं, सुंदर मराठी आहे. पत्रातलं अक्षर लागत नाही, मोडी लागते का, ओवीचा अर्थ लागला. अर्थ ‘लावणे’ आपण करायचं आणि ‘लागणे’ आपोआप व्हायचं, म्हणजे बघणे-दिसणे, शोधणे-सापडणे यांच्याच घरची जोडी. चिनीत यासाठी ‘खानतोंग’ आहे: खान म्हणजे बघणे, तोंग म्हणजे कळणे; बघून कळलं, वाक्य लागलं. उद्या परिच्छेद संपल्यावर ‘वाचलंत का?’ असं विचारू नका, त्याला उत्तर हो असंच येणार. ‘खान तोंग ल मा?’ असं विचारा, म्हणजे ‘लागलं का?’ आणि नाही म्हणाल्या, तर कंस कुठे बंद केलाय ते आधी बघा.