ओपाबिनियाचं मॉडेल करताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

चित्र मिळालं. विज्ञान प्रदर्शनासाठी ओपाबिनिया हा समुद्रातला नामशेष प्राणी निवडलास ते उत्तम, पण सोंडेच्या टोकाला तोंड दाखवलं आहेस ते खोड. टोकाला पकड आहे, आत वळलेल्या काट्यांची. तोंड डोक्याखाली, सोंडेच्या मागे, आणि उघडतं शेपटीकडे. म्हणजे भक्ष्य पकडायचं, सोंड खाली दुमडायची आणि घास तोंडाशी न्यायचा. जबडा नाही, तेव्हा खाणं मऊच असणार.

सोंड सोडून हा प्राणी जेमतेम 4 ते 7 सेंटिमीटरचा. सातच्या चौपट, 28 चं शरीर कर. सोंड त्याच्या एक तृतीयांश, नऊच्या आसपास. ती शाडूची नको. इतकी बारीक शाडू वाळताना तडकते, त्यात आपल्या सोलापूरचं ऊन! तांब्याच्या तारेवर चादरीच्या कारखान्यातलं टाकाऊ जाड सूत घट्ट गुंडाळ. मूळ सोंडेवरच्या आडव्या वळ्या आपोआप उठतील, आणि सोंड तोंडापर्यंत वळते का तेही तपासता येईल. वळली नाही तर लांबी चुकली.

डोळे पाच, सगळे देठावर: पुढे दोन, मागे बाहेरच्या बाजूला दोन मोठे आणि त्या दोघांच्या मध्ये एक. एका रांगेत लावू नकोस. धडाचे खंड 15, प्रत्येकाला दोन्हीकडे एकेक पाळी, म्हणजे वल्ह्यासारखी चपटी झालर. शेपटीला तीन जोड्या, वर आणि बाहेर झुकलेल्या.

एकाच जीवाश्माचा फोटो गिरवलास तर फसशील. कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांच्या खडकात ही जनावरं चिखलात वेगवेगळ्या कोनांत दबून चपटी झाली. कुशीवर पडलेल्यात एका बाजूच्या पाळ्या झाकल्या जातात. जीवाश्मशास्त्रज्ञ वॉलकॉटने 1912 मध्ये पहिलं वर्णन केलं. पुढे व्हिटिंग्टन या दुसऱ्या जीवाश्मशास्त्रज्ञाने वरचा थर कोरून खालचे अवयव मोकळे केले, तेव्हा कुठे 1975 मध्ये नीट आकृती आली. त्याआधी 1972 मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत त्याने ती दाखवली, तर शास्त्रज्ञ चक्क हसले होते.

पाय लावायचे का? धडातल्या त्रिकोणी खुणांना कुणी पाय म्हणतं, कुणी आतड्याचे फाटे. माझ्या मते लावू नकोस. पाटीवर दोन्ही मतं लिही.

पाटीवर वयही हवं: सुमारे 50 कोटी वर्षं. परीक्षक विचारतील, आपल्याकडे सापडतो का? नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्ह्याचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.