‘मानवी हक्क’ लिहू की ‘मानवाधिकार’?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: 10 डिसेंबरला त्यांच्या महिला मंडळात मुलांची वक्तृत्व स्पर्धा आहे. फलकावर ‘मानवी हक्क दिन’ लिहायचं की ‘मानवाधिकार दिन’? सासूबाईंचं म्हणणं, ‘हक्क’ हा यावनी शब्द, शुद्ध मराठी ‘अधिकार’. गुजराती माध्यमात शिकणारा मुलगा म्हणतो ‘हक’, एकाच क-चा. ताईंच्या स्वतःच्या कानाला मात्र ‘मानवाधिकार’ हिंदी बातम्यांसारखं लागतं.

निकाल आधी सांगते. ‘मानवी हक्क दिन’ लिहा. ‘मानवाधिकार’ चूक नाही, पण तो हिंदी सरकारी कागदावरून आलेला शब्द आहे. महाराष्ट्रातल्या आयोगाचं नाव ‘राज्य मानवी हक्क आयोग’ असंच आहे, आणि संविधानाच्या मराठी पाठात तिसऱ्या भागाचं शीर्षक ‘मूलभूत हक्क’ आहे. हिंदी पाठात तिथे ‘मूल अधिकार’ येतं. ताईंचा कान बरोबर आहे.

सासूबाईंचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही. ‘हक्क’ अरबीतून फारसीमार्गे आला, हे खरंच. मुळात त्याचा अर्थ सत्य. जे खरं, जे न्यायाने ज्याचं त्याला मिळायला हवं ते. ‘हकीकत’ त्याच धातूतली. ‘नाहक’ म्हणजे हक नसताना. आणि ‘हकनाक’ हा तर ‘हक-नाहक’चा झिजलेला अवतार: बरोबर की चूक हे न बघता, म्हणून विनाकारण. ‘हकनाक माझं डोकं खाऊ नकोस’ असं सासूबाई दिवसातून एकदा तरी म्हणत असणार. त्यात यावनी काय उरलं?

मुलगाही चुकलेला नाही. अरबीत शेवटचं व्यंजन दुहेरी आहे. मराठीने ते जोर देऊन टिकवलं, हिंदीने सैल सोडलं, गुजरातीत दोन्ही चालतं. आमची शेजारीण ‘हकथी कहेजो’ म्हणते, तेव्हा एकच क ऐकू येतो. मी तिला ‘हक्काने सांगीन’ म्हणते, तेव्हा दोन. ‘हकनाक’ आणि ‘नाहक’मध्ये मराठीनेही एकाच क-वर भागवलंय.

पण शुद्ध-अशुद्ध हा काही मोठा प्रश्न नाही. मराठीत ‘हक्क’ आणि ‘अधिकार’ एकमेकांच्या जागी बसतच नाहीत, खरी गंमत तिथे आहे. शेजारी कोणतं क्रियापद येतं बघा. मतदानाचा हक्क आपण ‘बजावतो’. हक्क ‘सांगतो’, दुसऱ्याचा ‘डावलतो’, स्वतःचा ‘सोडतो’. अधिकार ‘गाजवतात’, ‘देतात’, ‘काढून घेतात’. ‘हक्काचा माणूस’ म्हणजे अपरात्री ज्याचं दार वाजवता येतं तो. ‘अधिकाराचा माणूस’ म्हणजे ज्याच्या दाराबाहेर चपला काढून उभं राहावं लागतं तो. ‘हक्काचं घर’ असतं, ‘अधिकाराचं घर’ नसतं. अधिकार वरून खाली येतो. तो देणारा कुणीतरी असतो आणि घेणारा पात्र ठरावा लागतो.

ही पात्रतेची भानगड जुनी आहे. संस्कृतात ‘अधिकार’ म्हणजे एखादं कर्म करण्याची योग्यता. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा अख्खा सहावा अध्याय यज्ञ करण्याचा अधिकार कुणाला, याच चर्चेचा आहे. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ आपण येताजाता म्हणतो, पण तिथेही अधिकार म्हणजे मागणी नव्हे. ‘शूद्राला वेदाचा अधिकार नाही’, ‘स्त्रीला अधिकार नाही’ ही वाक्यं याच अर्थाची. म्हणूनच ‘सकळांसी येथे आहे अधिकार’ असं तुकोबा म्हणाले, तेव्हा शास्त्र्यांच्या दारावरची पाटीच उलटी लावली गेली. शब्द त्यांचाच, यादी मात्र सगळ्या गावाची.

बडोद्याला हे नवीन नाही. वेदोक्ताचा वाद कोल्हापूरच्या नावाने गाजला, पण त्याआधी तो इथल्या राजवाड्यात येऊन गेला होता: सयाजीराव महाराजांच्या घरातली कर्मं वेदमंत्रांनी (वेदोक्त) करायची की पुराणांतल्या मंत्रांनी (पुराणोक्त)? ज्याच्या शिक्क्याने संस्थान चाललं, त्याला वेदमंत्रांचा ‘अधिकार’ आहे की नाही हे पुरोहित ठरवणार! सत्ता होती, अधिकारही होता, आणि तरी ‘अधिकार’ नव्हता. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर असे आदळलेले क्वचितच दिसतात.

आता वाटेल, म्हणजे ‘हक्क’ हा गरिबांच्या बाजूचा शब्द आणि ‘अधिकार’ वरच्यांचा. तसं नाही. ‘हक्क’चा भूतकाळही फार स्वच्छ नाही.

जुन्या गावगाड्यात हक्क म्हणजे वतनाबरोबर येणारं देणं. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, देशमुखाचा हक्क. मानपान, धान्याचा वाटा, सणाला पहिला नारळ. प्रत्येकाचा ठरलेला, बापाकडून मुलाकडे जाणारा. आणि याच यादीत खाली महारांचे ‘बावन्न हक्क’. बेदरच्या बादशहाने सनद दिली अशी त्यामागे कथा सांगतात. त्या हक्कांत काय काय येई? खळ्यावरचं धान्य, दारोदार फिरून मागायची भाकर, मेलेल्या जनावराचं कातडं, प्रेतावरचं कापड. यालाही शब्द ‘हक्क’च. या बदल्यात दिवसरात्र सरकारची आणि गावाची वेठ. म्हणजे पाटलाचा हक्क आणि महाराचा हक्क व्याकरणात एकाच विभक्तीत उभे, फरक फक्त पंगतीचा. जन्म कुठे झाला त्यावर हक्क ठरलेला. ‘जन्मसिद्ध’ हे विशेषण खरं तर या व्यवस्थेला चपखल बसलं असतं.

म्हणून पुढे त्याच विशेषणाचं जे झालं, ते मला मराठीतलं सगळ्यात मोठं अर्थांतर वाटतं. ‘जन्मसिद्ध हक्क’ म्हटलं की आपल्याला लोकमान्यांचं स्वराज्याचं वाक्य आठवतं. पण 1927 च्या डिसेंबरात महाडला, मनुस्मृती जाळली त्याच परिषदेत, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जन्मसिद्ध हक्कांचा एक जाहीरनामा मांडला गेला. जन्माने सगळे सारख्याच दर्जाचे, हा त्याचा गाभा. शब्द दोन्ही जुनेच, पण पूर्वी ‘अमक्या जातीत जन्मला म्हणून’ असा अर्थ होता, तो ‘जन्मला म्हणून’ एवढाच उरला. आणि त्याच सुमारास, 1928 साली, मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनात बदल करणारं विधेयक आंबेडकरांनीच आणलं. एका हाताने हक्क मागायचा, दुसऱ्याने ‘हक्क’ नावाची बेडी तोडायची. नवशिक्या भाषांतरकाराची इथे तारांबळ उडते: दोन्हीकडे तोच शब्द, आणि अर्थ एकमेकांचे वैरी.

मुलांना हे समजावताना व्याकरण काढू नका. त्यांना कमाटीबागेत न्या. 1917 च्या सप्टेंबरात आंबेडकर लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. पद अधिकाऱ्याचं. पण शिपाई फायली लांबून फेकत, कचेरीत प्यायला पाणी मिळेना, आणि शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, रोजचा दीड रुपया भाडं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारश्यांचा घोळका दारात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगून गेला. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, म्हणून त्यांनी मधले तास या बागेत काढले. आता तिथल्या स्मारकाला संकल्पभूमी म्हणतात. माणसाकडे अधिकार होता, हक्क नव्हता. दोन शब्दांतला फरक याहून नेमका कुठलाही कोश सांगू शकणार नाही.

ज्यांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली, त्याच सयाजीरावांनी 1906 साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. आधी 1893 पासून अमरेली भागात प्रयोग केला होता. त्या कायद्याचा शब्द बघा: ‘सक्ती’. मुलाला शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. (बडोद्यात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, त्यामुळे जुने कागद चाळणारा नवखा माणूस आधी शाळेतल्या ‘माझा आवडता पक्षी’पाशी जाऊन पोचतो.) पुढे 2009 च्या केंद्रीय कायद्याचं मराठी नाव झालं ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क’. सक्ती आणि हक्क एकाच नावात! सक्ती सरकारवर, हक्क मुलाचा. शंभर वर्षांत दंडाचं टोक आईबापाकडून सरकारकडे वळलं. गंमत म्हणजे चारच वर्षं आधीचा, 2005 चा कायदा मात्र मराठीत ‘माहितीचा अधिकार’ झाला. तिथे ‘हक्क’ का नाही? माझा अंदाज: माहिती मागणारा कचेरीत जातो, आणि कचेरीच्या उंबऱ्यावर मराठी माणसाला आपोआप ‘अधिकार’ सुचतो. सातबारावरही छापलेलं असतं ‘अधिकार अभिलेख पत्रक’. गुजरातेत मात्र त्याच महसुली दप्तरात ‘हक्कपत्रक’ आहे. इथे गुजराती मराठीपेक्षा जास्त मराठी!

आता ‘मानवी’कडे. हा शब्दही सहज आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 10 डिसेंबर 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता, तेव्हा पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघेल असा इंग्रजी शब्द होता. त्यावर हरकत घेऊन ‘सर्व मानव’ असा बदल करून घेणाऱ्या हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांची मुलगी, पुढे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांच्याच नावाने आहे. फलकाखाली पोरं मोबाइल बघत बसलेली असतात. मराठीत ही अडचण वेगळ्या रूपात आहे. ‘बायका आधी जेवल्या, माणसं मागून’ हे वाक्य आजही लग्नघरात ऐकू येतं. तिथे ‘माणसं’ म्हणजे पुरुष. ‘माझा माणूस’ म्हणजे नवरा. म्हणून फलकावर ‘माणसाचे हक्क’ असं सोपं करायचा मोह झाला तर आवरा. ‘मानवी’ थोडा पुस्तकी आहे, पण पंगत लावत नाही.

आणि एक घरातलं. माझी आत्या नाशिककडची. आजोबा गेल्यावर भावांनी तिला कचेरीत नेलं, अंगठा आणि फोटो झाला, बाहेर येऊन सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. कागदाचं नाव ‘हक्कसोडपत्र’. त्या दिवाळीला तिला भाऊबीजेची साडी नेहमीपेक्षा भारी मिळाली. मी तिला विचारलं, काय सोडलंस? म्हणाली, ‘हक्क कुठला, माहेर राहावं म्हणून सही केली.’ म्हणजे भावाच्या दारात ‘हक्काने’ जाता यावं म्हणून हक्क सोडला. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मतः हक्क दिला, पण हक्कसोडपत्राचे कोरे नमुने काही खपायचे थांबले नाहीत. इथे ‘अधिकारसोडपत्र’ म्हणून बघा. जीभच वळत नाही, कारण अधिकार सोडायला तो आधी कुणी दिलेला लागतो.

तर ताई, फलक ‘मानवी हक्क दिन’. रावपुऱ्यात फ्लेक्स करणार असाल तर कागदावर हाताने लिहून द्या. तिथला पोरगा गुजरातीत विचार करून देवनागरी टंकतो. मागच्या वेळी आमच्या मंडळाला त्याने ‘हकक’ छापून दिलं होतं, आणि ‘मानवि’ ऱ्हस्व. क-ला क जोडलेला, आणि वी दीर्घ.