म्हशीच्या अंगावरचा चिखल राहू द्या

प्रश्न : आमची म्हैस उन्हाळ्यात दुपारभर डबक्यात बसते आणि चिखलानं माखून येते. लगेच धुवावी का? शिवाय संकरित गाईची पांढऱ्या पट्ट्यांवरची कातडी सोलून निघतेय, काळ्या भागाला काहीच नाही. हे उन्हामुळेच का?

उत्तर : चिखल दुपारी धुऊ नका. म्हशीला गाईच्या मानानं घामाच्या ग्रंथी फार कमी असतात, केसही विरळ. काळी कातडी अतिनील किरण अडवते, पण तापतेही लवकर. नुसतं पाणी अंगावरून चटकन उडून जातं. चिखलातला ओलावा सावकाश उडतो, तोवर अंग गार राहतं. थर वाळला तरी ऊन थेट कातडीवर पडत नाही आणि गोमाश्यांना चावायला जागा मिळत नाही. धारेआधी कास आणि सड स्वच्छ धुवून कोरडे पुसा, तेवढं पुरे. धार झाल्यावर मात्र अर्धा तास तिला डबक्याकडे सोडू नका. सडांची तोंडं तेव्हा उघडी असतात, त्यातून जंतू शिरून कासदाह, म्हणजे कासेची सूज, होतो. पुढ्यात वैरण टाकली की ती आपोआप उभी राहते.

ऊन टाळायची प्रत्येक जनावराची तऱ्हा वेगळी. हत्ती अंगावर धूळ उधळतो. आफ्रिकेतल्या पाणघोड्याच्या कातडीतून तांबूस स्राव येतो. त्यातली रंगद्रव्यं जपानी संशोधकांनी २००४ साली ओळखली. ती अतिनील किरण शोषतात, जंतूंनाही रोखतात. आणि आपली खिलार गाय! तिचे पांढरे केस बोटांनी बाजूला करा, खाली काळी कातडी दिसेल. केस ऊन परतवतात, कातडी उरलेलं अडवते. मला ही रचना फार मोलाची वाटते.

तुमच्या संकरित गाईच्या पांढऱ्या पट्ट्याखाली मात्र गुलाबी कातडी आहे, तिथं हे संरक्षण नाही. तरीही कातडी सोलण्याइतका त्रास नुसत्या उन्हाचा असेल असं समजून गप्प बसू नका. बांधावर घाणेरीचं (टणटणीचं) झुडूप आहे का, ते आधी पाहा. चारा कमी असला की गुरं त्याचा पाला खातात. त्यानं यकृत बिघडतं, हिरव्या चाऱ्यातून तयार होणारं एक द्रव्य शरीराबाहेर न पडता रक्तात साठतं आणि ऊन लागताच रंग नसलेली कातडी भाजते. पापणी खाली ओढून पाहा. आतला भाग पिवळा असेल, शेण घट्ट होत असेल, चारा सुटला असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. ते येईपर्यंत गाय अंधाऱ्या गोठ्यात बांधा, हिरवा चारा बंद ठेवा आणि भरपूर पाणी द्या. जखमांवर मनानं काही लावू नका, माश्या तेवढ्या बसू देऊ नका.