तिसरी नीट राहू दे, आधी कपाटाची किल्ली द्या

(निपाणी भागातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सेकंड पीयूसी (कर्नाटकातली बारावी) ८४ टक्क्यांनी पास, नीट दोनदा दिली पण सरकारी सीट लागली नाही, तिसऱ्यांदा बसायला तयार नाही. रात्री लॅपटॉपवर 'झाडांचे जिनोम जुळवून रंगीत पट्ट्या बघत बसते' म्हणून त्यांनी लॅपटॉप कपाटात बंद केलाय. विचारतात, अजून एकदा नीट द्यायला लावू की एक एकर विकून मॅनेजमेंट सीट घेऊ? आणि सॉफ्टवेअरच सगळं करत असेल तर ह्यात हिचं काम काय?)

दादा, मार्कांबद्दल मला काही म्हणायचं नाही, ८४ टक्के चांगलेच आहेत. मी अडलो ते 'किल्ली माझ्याकडे असते' ह्या वाक्यावर. पोरगी मतदान करायच्या वयाची झाली आणि तिने रात्री काय बघायचं ते तुमच्या खिशातल्या किल्लीवर? त्याच्या खालीच तुम्ही लिहिलंय की मेहुण्याचा मुलगा हुबळीला एमबीबीएस करतोय आणि लग्नकार्यात सगळे विचारतात तुमची कुठं लागली म्हणून. स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे. ही तिसरी नीट पोरीसाठी नाही, मेहुण्यासाठी आहे. दोन वर्षं तिने तुमच्या शब्दाखातर दिली, आता नको म्हणते तर तिला हट्टी ठरवू नका. आणि रान विकायचं तर डोक्यातूनच काढा, तिथली फी एकदा भरून सुटत नाही, दरवर्षी भरावी लागते, आणि ती सीट तिने मागितलेली पण नाही.

आता त्या रंगीत पट्ट्या, म्हणजे बायोइन्फॉर्मेटिक्स, कॉम्प्युटरवर जीन्सचा अभ्यास. सॉफ्टवेअरच सगळं करतं हा गैरसमज तुमचा एकट्याचा नाही, कॉलेजातले पण असंच बोलतात. फायटोझोम, एन्सेम्बल प्लांट्स असल्या डेटाबेसमध्ये पिकांचे जिनोम (एकेका पिकाचा सगळा डीएनए) फुकट बघायला मिळतात, त्यातले दोन घेऊन सिनमॅपसारख्या टूलला दिले की ते सारखी जीन्स शोधून ठिपक्यांचा नकाशा काढून देतं (जुळणाऱ्या एका जोडीला एक ठिपका, ओळीने जुळली की रेघ), इथपर्यंत मशीनचं काम. तांदूळ आणि जोंधळा घ्या. तांदळात १२ क्रोमोसोमच्या (जीन्स ज्यावर ओळीने बसतात त्या डीएनएच्या लांब धाग्यांच्या) जोड्या, जोंधळ्यात १०. नकाशात दिसतं की जोंधळ्याचं १ नंबरचं क्रोमोसोम तांदळाच्या ३ शी जुळत येतं, मध्येच तांदळाचं १० नंबरचं घुसलेलं, आणि मग परत ३ सुरू. हे पूर्वी कधीतरी खरंच एकात एक घुसलं की जिनोम तुकड्यांत वाचून जोडतात, ते जोडताना कुणाची चूक झाली, हे टूल सांगत नाही (इथे ते खरंच घुसलेलं आहे, जोंधळ्याच्या २ नंबरमध्ये पण तांदळाचे ७ आणि ९ असेच बसलेत). ठिपक्यांची रेघ उलटी तिरकी गेली तर तो तुकडा उलटा फिरलाय का, एका तुकड्याला समोर चार-पाच जोड्या दिसल्या तर का, हे ज्याला बायोलॉजी कळते त्यानेच ठरवायचं. तुमच्या रानातला ८६०३२ जातीचा ऊस तर सगळ्यात अवघड, उसात शंभराच्या वर क्रोमोसोम असतात, एकेका जीनच्या कितीतरी कॉप्या. म्हणून आर५७० ह्या जातीचा जवळपास पूर्ण जिनोम छापून यायला २०२४ उजाडलं, आणि त्याआधी बरीच वर्षं उसाची जीन्स शोधायला जोंधळ्याचाच जिनोम समोर ठेवून काम चालायचं. पोरगी जे बघत बसते ते तुमच्याच पिकाचं आहे दादा.

प्रवेशाचं थोडक्यात: सीईटी दिली असेल तर बीएस्सी ॲग्री, धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, शेतकरी कोट्याचं बघा. नाहीतर साधी बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. सीमाभागातल्या ८६५ गावांत तुमचं गाव असेल तर महाराष्ट्रातल्या प्रवेशाचे नियम पण वाचून घ्या.

पोरीला पण दोन शब्द ऐकवायचेत, हे तिला वाचायला द्या. ह्या लाइनीत बीएस्सीवर फारसं काही मिळत नाही, एमएस्सी लागतेच, बऱ्याचदा पीएचडी, आणि सुरुवातीची काही वर्षं प्रोजेक्टच्या पगारावर जातात, प्रोजेक्ट संपला की दुसरा शोधा. पायथन आणि लिनक्स शिकावं लागेल, स्टॅटिस्टिक्सचा कंटाळा करून चालणार नाही. तीन महिन्यांत बायोइन्फॉर्मेटिक्स शिकवून जॉब देतो म्हणणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. आणि मला एक शंका आहे, नीटच्या पुस्तकापासून पळायला हा रंगीत आडोसा तर नाही ना? ते तिलाच माहीत. तिने तांदूळ-जोंधळ्याचा नकाशा स्वतः काढावा, त्यातली एक तुटलेली रेघ घ्यावी आणि ती का तुटली हे तुम्हाला मराठीत समजावून सांगावं. दोन-तीन आठवडे त्या एका रेघेच्या मागे लागायला तिला कंटाळा आला नाही तर फॉर्म भरा. कंटाळा आला तर मला परत लिहा, दुसरं काहीतरी बघू, पण नीट नाही.

त्यासाठी लॅपटॉप लागेल, तेवढा आज संध्याकाळीच काढून द्या.