बिलावर ‘नवीन’, पेटीत जुनं कार्ड

प्रश्न : पंढरपुरात आम्हा नवरा-बायकोचं चौदा खोल्यांचं लॉज आहे. हाताखाली दोन मुलं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून १ लाख ३८ हजारांचा ईपीएबीएक्स (खोल्यांचे फोन जोडणारी यंत्रणा) घेतला. बिलावर ‘नवीन’ लिहिलंय, वॉरंटी दोन वर्षांची. ऐन आषाढीच्या तोंडावर आठ खोल्यांचे फोन एकदम बंद पडले. विक्रेता म्हणतो, वीज पडली, वॉरंटीत बसत नाही. ओळखीच्या मेकॅनिकने पेटी उघडली, तर कार्डावर स्टिकरखाली दुसरा स्टिकर आणि चिपवर ‘०९१४’. पैसे परत मिळतील का?

उत्तर : आधी एक करा. ते कार्ड ‘तपासायला पाठवा’ असं विक्रेता म्हणाला तरी हातातून सोडू नका. परत आलेलं कार्ड तेच की दुसरंच, यावर भांडण्यात मूळ मुद्दा बाजूला पडतो.

विजेच्या वादात तर शिरूच नका. आठ एक्स्टेन्शनचं एक कार्ड गेलं की आठ फोन जातात. ते विजेने गेलं की आपसूक, हे सांगणं कठीण. तुमची तक्रार वेगळी आहे : जुना माल नवा म्हणून विकला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(४७)मध्ये याला स्पष्टपणे अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. तिथे वॉरंटीतल्या अटी आड येत नाहीत.

‘०९१४’ म्हणजे बहुधा २००९ सालचा चौदावा आठवडा. पण नुसत्या त्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या साठ्यातली चिप नव्या कार्डावर बसवली, असं समोरचा सहज म्हणेल. स्टिकरखालचा सीरियल क्रमांक अधिक बोलका. तो देऊन उत्पादक कंपनीला लेखी विचारा, हे कार्ड कधी आणि कोणाला विकलं. कपॅसिटर बदलल्याच्या, पुन्हा सोल्डर केल्याच्या खुणा असतील तर मेकॅनिककडून प्रतिज्ञापत्र घ्या. गरज पडल्यास ग्राहक आयोग कार्ड सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

आता खरी मेख. विक्रेता म्हणणार, लॉज हा धंदा, म्हणजे खरेदी व्यावसायिक हेतूने, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. कंपनीच्या नावावर मोठं हॉटेल असतं तर मीही तुम्हाला दिवाणी दाव्याचाच रस्ता दाखवला असता. पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यावसायिक हेतू’तून वगळली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की यंत्र चालवायला एक-दोन माणसांची मदत घेतली म्हणून कोणी ग्राहक असायचा थांबत नाही. तुमची दोन मुलं त्यात बसतात. मात्र लॉज हेच उपजीविकेचं साधन आहे आणि काउंटरवर तुम्ही स्वतः बसता, हे तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा. ते राहिलं की प्रकरण तिथेच अडकतं.

बिलाखाली ‘वाद पुणे न्यायक्षेत्रात’ छापलेलं असेल, तर घाबरू नका. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. वाद नको म्हणून ती बिलाच्या तारखेपासूनच धरा. आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवस वाट बघा. रक्कम परत, नाहीतर नवी यंत्रणा, शिवाय नुकसानभरपाई अशी मागणी ठेवा. वारीच्या गर्दीत फोनअभावी काय गेलं, याची नोंद वहीत असेल तरच तो आकडा धरा.

आणि या खरेदीवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलंय का, म्हणजे बिलातला कर धंद्याच्या करातून वजा केलाय का, ते सीएला आजच विचारा. खरेदी धंद्यासाठीच होती हे दाखवायला समोरचा वकील तोच कागद आधी काढेल.