लामणदिव्याचा भाव काढायच्या आधी

तुमच्या आजीचा पितळी लामणदिवा वाटणीत तुमच्याकडे आला, भांडी बाजारात दुकानदाराने मोडीच्या दराने किंमत सांगितली आणि वर ‘पॉलिश करून आणा, मग बघू’ म्हणाला, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. पॉलिश करू नका. दिवाळी आली तरी नाही. मला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

बफिंगच्या चाकावर दिवा धरला की आधी उंचवटे जातात: दिव्यावरच्या मोराचा तुरा, चोच, पिसांवरच्या छिन्नीच्या रेघा. पॉलिशचं मेण खाचांत बसतं आणि पुढे पांढरट-हिरवट दिसायला लागतं. तेजाबात बुडवला तर त्याहून वाईट. आम्ल आधी जस्त खातं, तांबं वर उरतं, पितळ गुलाबी पडतं. चिंच-लिंबू हेच काम सावकाश करतात. जाणकार ज्या काळपट तपकिरी थरावरून वयाचा अंदाज बांधतो तो गेला की दिवा मुरादाबादच्या नव्या मालासारखा दिसतो, आणि मग मोडीचा भावच खरा ठरतो. दुकानदार फसवतोय असंही नाही हो, त्याच्याकडे तराजू आहे, तो वजनाचाच भाव सांगणार.

मऊ कोरडा ब्रश फिरवा (दाढीचा जुना चालेल), बस. वाटीतला तेलाचा चिकट थर खरवडू नका. फिकट हिरवी भुकटी पुसली तरी परत येत असेल तर मात्र धातू आतून खाल्ला जातोय. दिवा कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आता भिंग घ्या आणि साखळी बघा. दिव्याचं सगळं वजन दोन कड्या एकमेकींत अडकतात तिथे पडतं. वर्षानुवर्षं टांगलेल्या दिव्यात कडी तेवढ्याच जागी आतून झिजून बारीक होते, बाजूला जाडच राहते. जुना भासवलेल्या दिव्यात काळेपणा सगळीकडे सारखा, उंचवट्यांवरसुद्धा, आणि कड्या गोल गरगरीत. अर्थात पेटीत पडून राहिलेला दिवा झिजत नाही, आणि साखळी मागाहून बदललेलीही असू शकते.

वाटीच्या काठाला किंवा खाली नाव घातलंय का, तिरक्या उजेडात बघा. शके असेल तर ७८ मिळवा. शके १८२० म्हणजे इ.स. १८९८-९९. ती तारीख बहुधा लग्नाची किंवा दानाची असते, ओतकामाची नव्हे. हाताने टोचलेल्या अक्षरांत ठिपके कमीजास्त खोल असतात, विजेच्या यंत्राचे एकसारखे.

सराफ बाजारात सोन्याचा कस बघायच्या यंत्रावर कोणी धातू तपासून दिला तर घ्या, ओरखडा पडत नाही. पण ‘जस्त ३० टक्क्यांच्या वर म्हणजे नवं’ हा ठोकताळा युरोपातल्या जुन्या पितळेचा. आपल्याकडे उदयपूरजवळ जावरला शेकडो वर्षांपूर्वीच जस्त गाळत होते, त्यामुळे तो इथे चालत नाही. शिवाय यंत्र वरचा थरच वाचतं. कोणी ‘जरा कानस मारून बघतो’ म्हणाला तर दिवा उचला आणि घरी या.

किंमत कशासाठी हवी? भावंडांच्या वाटणीचा, विम्याचा आणि विक्रीचा आकडा एक नसतो. सरकारी कचेरीच्या नादी लागू नका. एका ठिकाणी (नाव नको) अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि शेवटी ‘किंमत आम्ही सांगत नाही’ हेही तोंडीच. लेखी मागितलं की साहेब दौऱ्यावर. कलावस्तूंचा नोंदणीकृत मूल्यमापक गाठा. अहवालात ग्रॅममध्ये वजन, उंची, फोटो आणि कशासाठीची किंमत हे हवंच.

परदेशी लिलावातले आकडे बघून हुरळू नका. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, ती तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. मी वकील नाही. दिव्यावर देवमूर्ती असेल तर नोंदणी लागते का, हे विकायच्या आधी विचारून घ्या.

पुण्याला जाणं झालं तर केळकर संग्रहालयातले दिवे बघून या, नजर बसते. आणि साखळीची कडी तुटलेली असेल तर डाग देऊन जोडून घेऊ नका. तुकडा कापडी पिशवीत घालून दिव्यालाच बांधून ठेवा.