रेशमावर डेटा साठवता येतो का?

प्रश्न : नमस्कार सर, मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, घरी चादरीचे लूम आहेत. अंड्याचा पांढरा भाग आणि रेशीम वापरून मेमरी बनवतात असं वाचलं. पण प्रोटीन तर दोन दिवसांत नासतं, मग डेटा टिकणार कसा? आणि आपल्याकडं तुती लावून कोष काढणाऱ्यांना याचा फायदा होईल का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : नासतं ते ओलं असतं म्हणून. इथं त्याचा काही नॅनोमीटर ते काहीशे नॅनोमीटर जाडीचा थर करून पूर्ण वाळवतात, अंड्याचा असेल तर शंभर डिग्रीच्या थोडं वर भाजतात पण, मग जंतूंना पाणीच मिळत नाही.

आता काम कसं चालतं ते बघा. तुमच्या घरी जॅकार्ड असेल तर कार्डाला भोक आहे का नाही यावरच नक्षी ठरते हे तुम्हाला माहितीये, इथंही धातूच्या दोन थरांमध्ये प्रोटीन असतं आणि त्यातनं करंटला वाट आहे का नाही एवढंच बघायचं. वरचा थर चांदीचा असला की व्होल्टेज दिल्यावर चांदीचे आयन प्रोटीनमधून सरकत जातात, एक अतिशय बारीक तार जुळते, रेझिस्टन्स एकदम खाली येतो, तो झाला १. उलटं व्होल्टेज दिलं की तार तुटते, तो ०. लाइट गेली तरी तार जागेवरच, म्हणून डेटा राहतो. याला मेमरिस्टर म्हणतात, इलेक्ट्रिकल इंजिनिअर लिऑन चुआंनी १९७१ मध्ये ही कल्पना मांडली आणि एचपीच्या लॅबनं २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ती दाखवली.

पण पेनड्राइव्हची जागा हे घेणार नाही असं मला स्पष्ट वाटतं. हवेतल्या दमटपणानं रीडिंग बदलतं, एका कोंबडीचं अंडं दुसरीसारखं नसतं त्यामुळं सगळी डिव्हाइस सारखी येत नाहीत, सोल्डरिंगची उष्णता तर लांबच. याची खरी जागा वेगळी आहे, शरीरात बसवून काम झाल्यावर विरघळून जाणारी सर्किट, मॅग्नेशियमचे इलेक्ट्रोड आणि मध्ये रेशमाचं फायब्रोइन म्हणजे धाग्याचं मुख्य प्रोटीन. हे मला फार मोलाचं वाटतं, काढायला दुसरं ऑपरेशन नको.

शेतकऱ्यांचं मात्र खरं सांगतो, एक चौरस सेंटीमीटरवर शंभर नॅनोमीटरचा थर म्हणजे साधारण १३ मायक्रोग्रॅम, हिशेबानं एका ग्रॅममध्ये ७० हजारांवर थर होतील, तेव्हा कोषाचा भाव यानं वाढेल अशी आशा कुणाला लावू नका. कोषात २० ते ३० टक्के सेरिसिन म्हणजे डिंक असतो, तो सोड्याच्या पाण्यात उकळून बहुतेक गटारात जातो, त्याचीसुद्धा मेमरी करून झालीये.

प्रोजेक्टला घ्यायचं असेल तर अंड्यापासून सुरू करा, रेशीम विरघळवायला लिथियम ब्रोमाइड आणि मग ते मीठ पडद्यातून काढून टाकायला दोन-तीन दिवसांचं डायलिसिस लागतं. आयटीओची काच म्हणजे करंट वाहणारा पारदर्शक थर असलेली काच, पातळ करून गाळलेला पांढरा भाग, वर सिल्व्हर पेस्ट. फक्त कंप्लायन्स करंट, म्हणजे करंटची वरची मर्यादा, आधी सेट करा, नाहीतर व्होल्टेज वाढवत नेण्याच्या पहिल्याच फेरीला (स्वीपला) थर जळतो.